लिमिट वाढवली तरी 'टू मेनी ओपन फाइल्स' येतंय? नवीन लोकांसाठी थोडं

लिनक्स सर्व्हर सांभाळायला लागलात की ही एरर (प्रोसेसने मर्यादेपेक्षा जास्त फाइल्स उघडायला घेतल्या की येते ती) कधी ना कधी भेटतेच, आणि शोधलं की जिथे तिथे एकच उत्तर, लिमिट्स डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये आकडा वाढवा. नवीन मुलांचे तासन्‌तास इथेच जाताना मी बघितलेत. ती फाइल वाचतं पॅम, म्हणजे लॉगिन सांभाळणारी यंत्रणा, तेही लॉगिनच्या वेळी, आणि सिस्टमडीने (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने) चालू केलेली सर्व्हिस काही लॉगिन करत नाही, त्यामुळे तुमच्या शेलमध्ये युलिमिट ही मर्यादा दाखवणारी कमांड ६५५३५ दाखवतेय आणि सर्व्हिस बिचारी अजून १०२४ वरच.

म्हणून शेलमधला आकडा सोडा, चालू प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, काढा आणि प्रॉक या चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये त्या नंबरच्या फोल्डरात लिमिट्स नावाची फाइल आहे ती उघडा. सॉफ्ट (सध्या लागू मर्यादा) आणि हार्ड (सॉफ्ट जिथपर्यंत वाढवता येते ती) दोन्ही तिथे आहेत, आणि त्या प्रोसेसला लागू आहे ते तेच. सर्व्हिस असेल तर 'सिस्टमसीटीएल एडिट' कमांडने त्या सर्व्हिसची सेटिंग उघडून सर्व्हिस सेक्शनमध्ये लिमिटनोफाइल (उघड्या फाइल्सची मर्यादा) टाका, रीस्टार्ट करा, परत तीच फाइल बघा.

पण वाढवायच्या आधी एक कराच, त्याच फोल्डरात एफडी म्हणून फोल्डर आहे त्यातल्या एंट्री मोजा, प्रत्येक एंट्री म्हणजे एक उघडी फाइल. सॉकेट आणि पाइपसुद्धा यातच धरतात, त्यामुळे ट्रॅफिक वाढलं की आकडा वर जाणं साहजिक आहे, पण ट्रॅफिक उतरल्यावरही तो खाली येत नसेल तर बहुतेक कोडमध्ये कनेक्शन बंद करायचं राहिलंय, तिथे लिमिट वाढवून फक्त क्रॅश पुढे ढकलला जातो.

आणि लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये नोफाइलला (उघड्या फाइल्सच्या मर्यादेला) अनलिमिटेड कृपा करून लिहू नका. एका प्रोसेसची कमाल मर्यादा कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) एनआर ओपन ही सेटिंग ठरवते, डिफॉल्ट १०४८५७६, त्याच्या वरचं काही लिहिलंत तर लॉगिनच फेल होऊ शकतं. बदल करताना एक रूट सेशन उघडं ठेवा.

एनप्रॉक, म्हणजे प्रोसेसच्या संख्येची मर्यादा, तिचं वेगळं आहे, ते प्रोसेसवार नाही तर त्या यूजरच्या सगळ्या प्रोसेस आणि थ्रेड मिळून मोजतं, आणि एरर येते 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल', जावामध्ये नेटिव्ह थ्रेड बनवता येत नाही अशी. एनप्रॉक भरपूर असूनही ती आली तर सर्व्हिसचं टास्क्समॅक्स (त्या सर्व्हिसच्या प्रोसेस-थ्रेडची मर्यादा) आणि कर्नलचं पीआयडी मॅक्स (पूर्ण सिस्टिमच्या पीआयडींची मर्यादा) तपासा.