आइसिंग समजून घ्यायचं तर गारपीट आठवा

पायलटच्या लायसनसाठी डीजीसीएचा (विमान वाहतुकीची सरकारी संस्था) मेटचा, म्हणजे हवामानाचा पेपर असतो, त्यातला आइसिंगचा, म्हणजे उडत्या विमानावर बर्फ साचण्याचा चॅप्टर मी नुसता पाठ केला होता. पासिंगला ७० टक्के लागतात, ते पडले आणि विषय संपला. डोक्यात एकच, आपण औशाकडचे, मे महिन्यात ४२ डिग्रीत वाढलेलो, आपला अन् बर्फाचा काय संबंध. आता एटीआरवर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे आणि नवीन पोरापोरींना सांगतो, संबंध लई जवळचा आहे.

२०१४ ची गारपीट आठवते का? मी नववीत होतो, ज्वारी सगळी आडवी. अण्णांनी अंगणातली एक मोठी गार विळ्यानं फोडून दाखवली होती, आत कांद्यासारखे पापुद्रे, एक दुधाळ, एक काचेसारखा. विमानाच्या पंखावर हेच होतं! ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही, पार उणे ४० पर्यंत थेंब पातळ राहू शकतो आणि कशाला तरी धडकला की गोठतो. बारीक थेंब झटकन गोठतात, मधे हवा अडकते, तो दुधाळ राइम आइस. मोठे थेंब पसरत पसरत गोठतात, तो क्लिअर आइस, आणि तो जास्त वाईट कारण पंखाचा आकारच बदलतो.

आणि हे काय फक्त श्रीनगरला नाही. हजार फुटाला साधारण २ डिग्री उतरतात, म्हणजे खाली ३४ असेल तर १७ हजार फुटांवर शून्य. एटीआर तिथंच उडतं, पावसाळ्यात त्याच ढगांतून.

बोइंग-एअरबसवाल्यांना शिकवतात की ढगात किंवा पावसात टेंपरेचर १० च्या खाली आलं की इंजिन अँटी-आइस ऑन. शून्याला नाही, १० ला, कारण इंजिन हवा ओढतं तेव्हा तोंडाशी तिचा दाब पडतो आणि ती अजून गार होते. असं कारण कळलं की आकडा आपोआप लक्षात राहतो, म्हणून पाठांतर करू नका.

एटीआरला पंखाच्या पुढच्या कडेला रबरी बूट असतात, हवेनं फुगतात आणि बर्फ फोडतात. सिममध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये मी बूट ऑन केले आणि निवांत झालो, इथंच चुकलो. ऑटोपायलट हाइट धरून ठेवायला नाक हळूहळू वर घेत होता, स्पीड एकेक नॉट खाली येत होता आणि मी चेकलिस्टमध्ये डोकं घालून बसलेलो. बर्फ असला की स्टॉल (पंखाची उचल तुटणं) नेहमीपेक्षा जास्त स्पीडला येतो हे पेपरात बरोबर लिहिलं होतं मी. स्टॉल जवळ आल्याचा इशारा म्हणून कंट्रोल थरथरायला लागला तेव्हा शिकवणारे सर एवढंच बोलले, "शेवटचं खिडकीकडं कधी बघितलंस?"

बाजूच्या खिडकीच्या हीटिंग नसलेल्या भागावर बर्फ पसरायला लागला म्हणजे सिव्हिअर आइसिंग. मग कंट्रोल घट्ट धरून ऑटोपायलट काढायचा, पॉवर, स्पीड वाढवायचा आणि तिथून बाहेर पडायचं. घट्ट का, तर ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ पडलं, ६८ माणसं गेली. मोठ्या थेंबांचा बर्फ बुटांच्या मागं, जिथं ते पोचतच नाहीत तिथं साचला आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडं कलवणारी पंखाची झडप) स्वतःच ओढला गेला, ऑटोपायलट सुटला आणि विमान उलटं व्हायला लागलं. हा रिपोर्ट ट्रेनिंगच्या आधी शांतपणे वाचा, मला तो फार उशिरा हाती लागला याचं वाईट वाटतं.

क्लाइंबला ऑटोपायलटचा व्हर्टिकल स्पीड मोड (चढायचा वेग धरणारा) लावू नका, आयएएस (विमानाचा स्पीड धरणारा) लावा, म्हणजे बर्फ चढला तर विमान चढायचं कमी होईल पण स्पीड टिकेल. आणि सिमचा स्लॉट संपता संपता दहा मिनिटं उरली असतील तर सरांना सरळ म्हणा, सर, आइसिंग अजून एकदा देता का. मला दिलं होतं, दुसऱ्या वेळेला स्पीड पडायच्या आधी मी खिडकीकडं बघितलं.