बंद कोनाच्या काचबिंदूत मोतीबिंदूचं ऑपरेशन : या चुका टाळा

बंद कोनाच्या काचबिंदूत जाड झालेलं भिंग बुबुळाला पुढे ढकलतं आणि डोळ्यातलं पाणी निचरण्याची वाट, म्हणजे कोन, अडवतं. ते काढलं की धूसरपणा जातो आणि बहुतेकांचा डोळ्यातला दाबही उतरतो. दाबामुळे वाळलेली डोळ्याची नस मात्र परत येत नाही. म्हणून व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) आणि नसेचा ओसीटी (जाडी दाखवणारा स्कॅन) न करता ऑपरेशनची तारीख घेऊ नका. दाट मोतीबिंदूमुळे हे रिपोर्ट थोडे बिघडतात, तरी करायचेच. नस फार वाळली असेल तर 10-2 फील्ड, म्हणजे नजरेच्या फक्त मधल्या भागाची तपासणीही करून घ्या. वाचता कितपत येईल, याचा अंदाज त्यातून येतो. अशा डोळ्यात मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) कृत्रिम लेन्स नको, आधीच कमी झालेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-सावलीतला फरक ओळखण्याची क्षमता, ती आणखी घटवते.

काचबिंदूच्या अटॅकनंतर, म्हणजे कोन अचानक बंद होऊन दाब चढल्यावर, लगेच लेन्सचा नंबर काढणं ही दुसरी चूक. सुजलेल्या कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) मोजमाप चुकतं. दाब उतरून कॉर्निया स्वच्छ झाला की ते पुन्हा घ्यावं. हे डोळे बहुधा आखूड असतात. त्यांत लेन्स ठरल्या जागेपासून जराशी सरकली तरी चष्म्याचा नंबर बराच बदलतो. त्यामुळे लेन्सचा नंबर काढताना एकाच फॉर्म्युल्यावर विसंबू नये.

सर्वांत महागात पडते ती पहिल्या रात्रीची हयगय. ऑपरेशनच्या वेळी वापरलेलं जेल आत उरलं तर काही तासांत दाब चढतो. डोळा ठणकतो, डोकं दुखतं, उलटी होते आणि घरचे पित्ताची गोळी देतात. थेट डॉक्टरांना फोन करा. नस नाजूक असेल तर दाब त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी मोजून घ्यावा. डोळ्याचा दाब उतरवणारी गोळी, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, देण्याआधी सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा विकार असल्यास सांगा.

ऑपरेशननंतर दाब चढलेला, कॉर्निया आणि बुबुळ यांमधली पुढची पोकळी उथळ झालेली आणि चष्म्याचा नंबर अचानक मायनसकडे गेलेला, असं दिसलं तर पाणी भिंगामागे अडल्याचा संशय घ्यावा. इथे पायलोकार्पिन (बाहुली लहान करणारे थेंब) घातलं तर त्रास वाढतो. ॲट्रोपिन (बाहुली मोठी करणारे थेंब) लागतं, कधी लेझर किंवा व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला मागचा जेलीसारखा भाग काढण्याचं ऑपरेशन) ही.

काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका आणि स्टेरॉइडचे थेंब सांगितल्यापेक्षा जास्त दिवस घालू नका. स्टेरॉइडने चढणारा दाब बहुधा काही आठवड्यांनी, न दुखता चढतो. दुसऱ्या डोळ्याचा कोन गोनिओस्कोपीने (खास भिंग लावून कोन पाहण्याच्या तपासणीने) तपासल्याशिवाय त्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालू देऊ नका. अटॅक तिथेही येऊ शकतो.