एक्सएमएलला स्टाइलशीट लावताना या चुका टाळा

कोहा या सॉफ्टवेअरमधून ग्रंथालयाचा कॅटलॉग मार्क-एक्सएमएलमध्ये (पुस्तकांच्या नोंदींच्या एक्सएमएल स्वरूपात) काढायचा, त्याला एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेतली स्टाइलशीट) लावायची आणि वेबपेज तयार करायचं. काम अवघड नाही. तरी बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडकतात, आणि कारण दरवेळी तेच निघतं: नेमस्पेस, म्हणजे एलिमेंटचं नाव कोणत्या शब्दसंचातलं आहे ते सांगणारी ओळख.

लक्षण ओळखायला सोपं आहे. पानावर टेबल येत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, आयएसबीएन सगळं एकाला एक चिकटून येतं. म्हणजे तुमचा एकही टेम्प्लेट (कोणत्या एलिमेंटचं काय करायचं ते सांगणारा नियम) जुळलेला नाही आणि एक्सएसएलटीचे अंगभूत नियम नुसता मजकूर ओतताहेत. मार्क-एक्सएमएलच्या मूळ एलिमेंटवर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नेमस्पेस असतो. तुम्ही नुसतं 'रेकॉर्ड' लिहिलंत, की एक्सपाथ १.० (एक्सएमएलमधला हवा तो भाग शोधणारी भाषा) नेमस्पेस नसलेलं रेकॉर्ड शोधत बसतो.

एका ग्रंथालयात यावर तोडगा म्हणून दर एक्सपोर्टमधून नेमस्पेस फाइंड-रिप्लेसने उडवायचे. करणारा मुलगा रजेवर गेला, दुसऱ्याने ताजी फाइल तशीच चढवली आणि अख्खी यादी एका परिच्छेदात गोळा झाली. सगळे सर्व्हरला दोष देत बसले. फाइल उघडून पहिल्या दहा ओळी वाचायचं कुणाला सुचलं नाही. असले शॉर्टकट मला मुळीच पटत नाहीत. एक्सपोर्ट झालेल्या डेटाला हात लावू नये, दुरुस्ती स्टाइलशीटमध्येच करावी. तिथे तोच नेमस्पेस एखाद्या प्रिफिक्सला जोडा आणि एक्सपाथमधल्या प्रत्येक एलिमेंटच्या नावाआधी तो प्रिफिक्स लिहा. मी सगळ्यात आधी फक्त रेकॉर्ड मोजणारी छोटी स्टाइलशीट चालवते. आकडा शून्य आला, तर पुढचं काहीच लिहीत नाही. नवखे मात्र रंग आणि फॉन्टपासून सुरुवात करतात आणि दोन दिवसांनी विचारतात की टेबल का दिसत नाही.

६५० या विषयांच्या फील्डमधले विषय अनेक असूनही एकच दिसतो? एक्सएसएलटी १.० मध्ये व्हॅल्यू-ऑफ ही सूचना पहिलाच नोड देते. प्रत्येक नोडवर फिरणारी फॉर-ईच वापरा.

देवनागरी मजकुराची फाइल जुन्या नोटपॅडमधून 'आन्सी' या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली, की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ती परत अक्षरं होत नाहीत. एक्सपोर्ट नव्याने काढा.

आणि रूपांतर ब्राउझरवर सोपवू नका. ब्राउझर एक्सएसएलटीच्या १९९९ च्या १.० आवृत्तीपुढे गेलेच नाहीत, आणि क्रोमने तर २०२५ मध्ये एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. एक्सएसएलटीप्रॉक किंवा सॅक्सन हा रूपांतर करणारा प्रोग्रॅम चालवा आणि तयार एचटीएमएल सर्व्हरवर ठेवा.