रॅम आणायला निघण्याआधी

आयटीआय, डिप्लोमा किंवा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून जी मुलं नाशकात एमजी रोडवर किंवा सिडकोतल्या एखाद्या दुकानात कामाला लागतात, त्यांच्याकडे पहिल्याच महिन्यात एक काम हमखास येतं: ‘मशीन स्लो झालंय, रॅम (म्हणजे कामापुरती मेमरी) वाढवून द्या.’ हे काम सगळे सोपं धरतात. मीही धरलं होतं.

कामाला लागून तिसरा आठवडा होता. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यांचा फोन आला. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती. मी विचारलं, “काका, रॅम किती आहे?” ते म्हणाले, “दोन जीबी.” त्यांच्या पुतण्याने सीपीयूचं झाकण काढून रॅमच्या स्टिकवरच्या लेबलचा फोटोही पाठवला. डीडीआर३, म्हणजे रॅमची तिसरी पिढी. मी दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ स्टिक घेतली आणि सीबीएसवरून बस पकडली.

तिथे स्टिक बोर्डवरच्या स्लॉटमध्ये अगदी बरोबर बसली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या. बटण दाबलं, पंखा फिरला, पण डिस्प्ले काही येईना. स्टिक काढून सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, तरी तेच. जुनी स्टिक लावली की मशीन लगेच सुरू. तासाभराने काकांना म्हणालो, “उद्या परत येतो.” त्यांनी चहा पाजला, एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

दुकानात आलो तर आमच्या सिनिअर दादांनी एकच विचारलं: “बोर्ड कुठला होता?” म्हणजे मदरबोर्ड. मला सांगता येईना. नंतर कळलं, बोर्ड जी४१ चिपसेटचा होता. चिपसेट म्हणजे कोणती रॅम चालेल हे ठरवणारी बोर्डवरची मुख्य चिप. कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातला हा चिपसेट डीडीआर३ चालवतो, पण स्टिकवरची एकेक चिप २ गिगाबिटपर्यंतचीच लागते. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, म्हणजे ४ जीबीची स्टिक हवी तर तिच्यावर १६ चिप्स पाहिजेत, एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ. मी नेलेल्या स्टिकवर एकाच बाजूला आठ चिप्स होत्या, एकेक ४ गिगाबिटची. दोन्ही स्टिकवर लेबल ४ जीबी डीडीआर३ असंच असतं. दुसऱ्या दिवशी १६ चिप्सवाली नेली आणि पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला.

तेव्हापासून माझा नियम आहे. ‘रॅम किती’ एवढ्या उत्तरावर दुकानातून हलायचं नाही. एकूण किती, किती स्टिकमध्ये, कोणत्या प्रकारची, स्लॉट किती रिकामे आणि बोर्ड कोणता, हे सगळं कळलं पाहिजे. यातलं बरंचसं झाकण न उघडता कळतं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे एकूण जीबी, स्पीड आणि दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत, सगळं दिसतं. हे ग्राहकाला फोनवरूनही करायला सांगता येतं. विंडोज ७ वर मात्र टास्क मॅनेजर स्लॉट दाखवत नाही, आणि आपल्याकडच्या दुकानांत, गोडाऊनमध्ये अजूनही विंडोज ७ ची मशिन्स भेटतात. अशा वेळी पेन ड्राइव्हमध्ये सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर ठेवा. फुकट मिळतं, छोटं आहे. त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डचं मॉडेल आणि चिपसेट मिळतो, एसपीडी टॅबमध्ये एकेका स्लॉटमधली स्टिक.

इथे नवीन मुलं एका गोष्टीला फसतात. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये डीरॅम फ्रीक्वेन्सी ७९८ वगैरे दिसते आणि वाटतं, १६०० ची सांगून ग्राहकाला ८०० ची गळ्यात मारली. तसं नाही. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. दिसलेला आकडा दुप्पट करा. ७९८ म्हणजे १६०० च.

आणि एक. ४ जीबी बसवूनही विंडोज ‘३.२५ जीबी युजेबल’ असं काहीतरी दाखवत असेल तर सिस्टीम टाइप बघा. ३२-बिट विंडोज असेल तर आणखी रॅम विकू नका, तिचा उपयोग होणार नाही. आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

झाकण उघडायची वेळ आलीच तर वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. नाशकात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, अंगात स्वेटर असतो, दाराच्या कडीलाही चटका बसतो. तोच चटका चिपला नको. पिंपळगावच्या त्या मशीनमध्ये रिकाम्या स्लॉटच्या तोंडाशी कांद्याची टरफलं अडकली होती. कोरड्या ब्रशने आधी स्लॉट साफ करा, मगच नवी स्टिक लावा.

स्टिक हातात आली की लेबल वाचायची सवय करा. ‘२ जीबी १आर×८ पीसी३-१०६००यू’ असं असेल तर पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० ला ८ ने भागलं की साधारण १३२५ येतात, म्हणजे १३३३ ची स्टिक. यू म्हणजे डेस्कटॉपची साधी स्टिक, एस असेल तर लॅपटॉपची. पण अगदी छोट्या डबीसारख्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपचीच स्टिक असते, हे ध्यानात ठेवा. लेबल फाटलं असेल तर सोनेरी पट्टीतली खाच बघा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हीला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८, पण खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डची नाहीच.

काम झालं की मी एक चिठ्ठी लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो: बोर्डचं मॉडेल, दोन्ही स्लॉटमध्ये काय आहे, तारीख. दोन वर्षांनी काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी पुतण्याला फोटो काढायला सांगितला तो त्या चिठ्ठीचा.