कमांड विंडोमध्ये पहिली स्क्रिप्ट कशी चालवावी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ विकणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी एक लहान पायथॉन स्क्रिप्ट, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या सूचनांची फाइल, उदाहरणादाखल घेऊ. ती नारळांची संख्या आणि एका नारळाचा दर विचारते व एकूण रक्कम दाखवते. ही फाइल डबल क्लिकने उघडली, तर काम संपताच काळी विंडो मिटते आणि रक्कम वाचायलाही वेळ मिळत नाही. म्हणून ती कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे कमांड (लेखी सूचना) टाइप करण्याच्या विंडोमधून, चालवावी. पुढील कृती विंडोजसाठी आहे, आणि येथे देवनागरीत दिलेल्या कमांड प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.

पायथॉन इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर त्याला 'पाथ'मध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत कमांड शोधते त्यांच्या यादीत) जोडण्याची चौकट दिसल्यास तिच्यावर खूण करावी. ती राहून गेली, तर 'पायथॉन' ही कमांड ओळखता येत नाही, असे कमांड प्रॉम्प्ट सांगते किंवा थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहिली असेल, तर सेव्ह करताना फाइलच्या प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडावे. अन्यथा नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' चिकटते आणि विंडोज ते सहसा लपवून ठेवत असल्याने चूक ध्यानात येत नाही.

आता विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबून 'सीएमडी' टाइप करावे आणि एंटर दाबावे. नवशिक्यांची सर्वाधिक अडचण येथून पुढे होते. कमांड प्रॉम्प्टची ही विंडो नेहमी कोणत्या तरी एका फोल्डरमध्ये उभी असते आणि फाइलचे नुसते नाव दिल्यास ती तेथेच शोधते. उघडल्यावर ती बहुधा आपल्या यूझर फोल्डरमध्ये असते, स्क्रिप्ट मात्र डी ड्राइव्हवरील 'नारळ' फोल्डरमध्ये. अशा वेळी आधी 'डी' व विसर्गासारखे कोलन चिन्ह देऊन ड्राइव्ह बदलावा, मग 'सीडी', मोकळी जागा व फोल्डरचे नाव द्यावे. नावाची पहिली अक्षरे देऊन टॅब दाबल्यास उरलेले नाव आपोआप भरले जाते. 'डीआयआर' या कमांडने यादी पाहावी. फाइल तिथे दिसली, तरच 'पायथॉन', मोकळी जागा आणि एक्स्टेन्शनसह (शेवटच्या 'डॉट पीवाय'सह) फाइलचे पूर्ण नाव टाइप करावे.

त्रुटीचा लांबलचक मजकूर आला, तर तो खालून वर वाचावा, कारण त्रुटीचा प्रकार शेवटच्या ओळीत आणि ओळीचा क्रमांक तिच्या थोडा वर असतो. आपल्या उदाहरणात तेथे 'टाइपएरर' येण्याची शक्यता दाट आहे : 'इनपुट'ने (वापरणाऱ्याचे उत्तर घेणाऱ्या सूचनेने) घेतलेले, समजा, ४० पायथॉनच्या लेखी संख्या नसून मजकूर असतो, आणि मजकुराला मजकुराने गुणता येत नाही. दोन्ही उत्तरे मजकुराची संख्या करणाऱ्या 'इंट'मध्ये घातली की गुणाकार होतो. गंमत म्हणजे 'इंट'ला देवनागरी अंकही चालतात. स्क्रिप्टच्या आत मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते.

फाइल दुरुस्त करून सेव्ह केल्यावर वरच्या बाणाचे बटण दाबावे, म्हणजे मागची कमांड परत येते. स्क्रिप्ट थांबतच नसेल, तर कंट्रोल व सी एकत्र दाबावे.