असिंक नेटवर्क लायब्ररीचे एरर क्लास लिहिताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत भट्टीचे तापमान, कॉम्प्रेसरचा दाब आणि विजेचा वापर पीएलसीमधून (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकातून) वाचून पडद्यावर आणण्याचे काम ज्या विकसकांकडे येते, त्यांची गाठ बहुतेक वेळा मॉडबस टीसीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून अशा यंत्रांशी बोलण्याच्या प्रोटोकॉलशी पडते. हा प्रोटोकॉल मूळचा १९७९ सालचा आणि साधा आहे. मात्र त्यावर पायथनच्या असिंकआयओमध्ये (एकाच वेळी अनेक उत्तरांची वाट पाहू देणाऱ्या सुविधेत) लायब्ररी लिहिताना एरर क्लासची, म्हणजे बिघाडांच्या प्रकारांची रचना शेवटी, घाईघाईने उरकली जाते. लायब्ररी वापरणाऱ्याला रात्रपाळीत खरा त्रास होतो तो याच भागाचा.

सगळ्या बिघाडांना एकच क्लास

‘मॉडबसएरर’ नावाचा एकच क्लास आणि आत निरनिराळे संदेश, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मग वापरणारा संदेशातील शब्द शोधून निर्णय घेऊ लागतो आणि पुढच्या आवृत्तीत संदेश बदलला की त्याचा कोड बिघडतो. याच्या उलट, प्रत्येक फाइलसाठी वेगळा क्लास काढणेही उपयोगाचे नाही. एरर हाती आल्यावर वापरणाऱ्याने पुढे काय करायचे, यावरून क्लास वेगळे करावेत, असे माझे ठाम मत आहे.

त्या दृष्टीने तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. विनंती यंत्रापर्यंत गेलीच नाही का? यंत्राने ती वाचून नकार दिला का? की ती पाठवली गेली, पण पुढे तिचे काय झाले हे कळण्याचा मार्ग उरला नाही? कनेक्शनच नाकारले गेले असेल, तर विनंती पुन्हा पाठवण्यात धोका नाही. यंत्राने नकार दिला असेल, तर उत्तरातील फंक्शन कोडचा सर्वांत वरचा बिट चढवलेला असतो आणि सोबत कारणाचा कोड येतो. २ म्हणजे पत्ता चुकीचा. तीच विनंती कितीही वेळा पाठवली तरी उत्तर बदलणार नाही. ६ म्हणजे यंत्र व्यस्त आहे. थोडे थांबून पुन्हा विचारता येते. ५ हा कोड तर अपयश सांगतच नाही: विनंती स्वीकारली आहे, काम चालू आहे, वेळ लागेल, एवढेच तो कळवतो. त्यालाही अपयशाच्या क्लासमध्ये टाकले, तर वापरणारा चालू असलेले काम दुसऱ्यांदा सुरू करण्याची आज्ञा देऊन बसतो.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे. रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्रातील मूल्य ठेवण्याच्या जागेत, ठरावीक तापमान लिहिण्याची आज्ञा दोनदा गेली तरी परिणाम एकच राहतो. पण ज्या रजिस्टरमध्ये लिहिताच यंत्र एक फेरी पूर्ण करते, तिथे उत्तर आले नाही म्हणून आपोआप पुन्हा आज्ञा पाठवणे धोक्याचे आहे. म्हणून ‘परिणाम अज्ञात’ असा स्वतंत्र क्लास ठेवावा आणि लायब्ररीने त्यावर स्वतःहून रीट्राय करू नये.

टाइमआउट आणि रद्द होणे यांची गल्लत

पायथन ३.८ पासून ‘कॅन्सल्डएरर’ हा ‘एक्सेप्शन’चा उपक्लास राहिलेला नाही, तो थेट ‘बेसएक्सेप्शन’खाली येतो. तरीही कोणताच प्रकार न सांगता उघडा ‘एक्सेप्ट’ लिहिला, तर ‘कॅन्सल्डएरर’ त्यात अडकतोच. ‘असिंकआयओ.टाइमआउट’ आतले काम रद्द करते आणि बाहेर येणाऱ्या ‘कॅन्सल्डएरर’चे ‘टाइमआउटएरर’मध्ये रूपांतर करते; लायब्ररीने तो मध्येच गिळला, तर वापरणाऱ्याने लावलेली वेळमर्यादा त्याला कधी कळतच नाही. साफसफाई करून तो पुन्हा वर सोडावा, आपल्या क्लासमध्ये गुंडाळू नये.

दुसरा बारकावा ३.११ मधला आहे. तेव्हापासून ‘असिंकआयओ.टाइमआउटएरर’ म्हणजे भाषेतला मूळ ‘टाइमआउटएरर’च, आणि तो ‘ओएसएरर’चा उपक्लास आहे. त्यामुळे ‘ओएसएरर आला की कनेक्शन नव्याने जोडा’ असा कोड ३.१० वर एक वागतो आणि ३.११ वर दुसरे. लायब्ररीच्या सीमेवर हे एरर स्वतःच्या क्लासमध्ये बदलून द्यावेत आणि ‘रेज … फ्रॉम’ वापरून मूळ कारण जोडलेले ठेवावे.

रद्द होण्याची वेळही पाहावी लागते. सात बाइटचा हेडर वाचून झाला आणि उरलेला मजकूर वाचण्याआधी काम रद्द झाले, तर पुढचे वाचन फ्रेमच्या (एका पूर्ण संदेशाच्या) मध्यापासून सुरू होते आणि तिथून पुढची सगळी उत्तरे निरर्थक ठरतात. अशा वेळी कनेक्शन बंद करणे हाच सुरक्षित उपाय आहे. वाचनासाठी एकच कायमस्वरूपी टास्क ठेवून ट्रान्झॅक्शन क्रमांकावरून (विनंती आणि तिचे उत्तर यांची जोडी जुळवणाऱ्या क्रमांकावरून) उत्तरे वाटली, तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. वेळ संपल्यावर उशिरा आलेले उत्तरही क्रमांक पाहून टाकून देता येते.

एकच एरर सर्वांना वाटणे

कनेक्शन तुटले की वाट पाहणाऱ्या सगळ्या फ्यूचरना (अजून न आलेल्या उत्तरांच्या ऑब्जेक्टना) अनेकदा एकच एक्सेप्शन ऑब्जेक्ट दिला जातो. प्रत्येक ठिकाणी तो उठताना त्याच ऑब्जेक्टच्या ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून कुठे आला याच्या नोंदीत) भर पडते आणि लॉग वाचणाऱ्याला एकमेकांत मिसळलेल्या ओळी दिसतात. प्रत्येक फ्यूचरला नवा एरर द्यावा आणि मूळ बिघाड त्याचे कारण म्हणून जोडावा.

एररमध्ये होस्ट, युनिट क्रमांक, फंक्शन कोड आणि रजिस्टरचा पत्ता ही स्वतंत्र क्षेत्रे असावीत. मात्र कन्स्ट्रक्टरला अनेक आर्ग्युमेंट आणि मूळ क्लासला फक्त संदेश, अशी रचना केली, तर दुसऱ्या प्रोसेसमध्ये पाठवलेला एरर तिथे अनपिकल होताना (बाइटमधून पुन्हा ऑब्जेक्ट बनताना) भलताच ‘टाइपएरर’ उठतो. ‘रिड्यूस’ मेथड लिहून तो टाळता येतो. चाचणीसाठी अर्धी फ्रेम पाठवून कनेक्शन तोडणारा, वेळमर्यादेनंतर उत्तर देणारा आणि प्रत्येक नकार कोड परत करणारा छोटा नकली सर्व्हर लिहावा, आणि कोणता क्लास हाती येतो हे प्रत्येक वेळी तपासावे.