दंगाधोपा चालू असलेल्या शहरात मदतीचं काम कसं बसवायचं

ट्रक, माल, पैसा नंतर, आधी त्या वस्तीत कोणाचं चालतं ते समजून घ्या आणि तेही एकाच माणसाकडून नको, कारण प्रत्येक गल्लीत स्वतःला पुढारी म्हणवणारा एकजण असतोच आणि मदतीच्या यादीत पहिली नावं त्याच्याच पाहुण्यांची निघतात. बायकांना वेगळं बसवून विचारा, खरं तिथे कळतं.

मग बाकीच्या संस्था काय करतायत ते बघा. २००५ पासून यूएनची क्लस्टर सिस्टीम आहे, म्हणजे पाणी, निवारा, आरोग्य अशा एकेका कामाचे संस्थांचे गट, त्यांच्या मीटिंगा कंटाळवाण्या असतात पण जा, नाहीतर एकाच गल्लीत तिघंजण ब्लँकेट वाटतात आणि पलीकडे कोणी फिरकतही नाही.

पाण्याला स्फिअरचं (मदतकार्याच्या किमान दर्जाचे आंतरराष्ट्रीय निकष) माप धरा, माणशी दिवसाला किमान १५ लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं. आणि नळ दोन टोळ्यांच्या हद्दीवर बसवलात तर रांगेतच मारामारी होणार, हे नकाशावर दिसत नाही!

वाटप सकाळी, रस्ता रोज बदलून. हत्यारबंद गार्ड शक्यतो नकोच, एकदा एका बाजूचे म्हणून शिक्का बसला की पुसत नाही. माल संपला तर लगेच स्पीकरवर सांगा, गेट बंद करून गप्प बसलात की दगड येतात. आणि याद्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका प्लीज.